पानातलं तळं आणि आंब्याची ढोली

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या केरी गावाहून एका गृहस्थांनी विचारलंय: "घरामागे काजूची बाग आहे, खाली ओहळ, ओहळाकाठी दोन जुने आंबे. मुलीने पुण्याहून ब्रोमेलियाडची सहा रोपं आणली. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात बेडूक या रोपांच्या पानांत पिल्लं वाढवतात असं तिने कुठेतरी पाहिलं, आणि आता ती रोपं आंब्यावर बांधायची म्हणते. इथले बेडूक येतील का? नाही आले तर ओहळातले धरून सोडले तर चालेल का? आई म्हणते हे बांडगूळ आहे, झाड खाईल. आरोग्य केंद्रातून आलेल्या बाई म्हणाल्या डेंगीचे डास होतील, फेकून द्या. कोणाचं ऐकायचं?"

काका, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. आंब्याला काही होणार नाही. आरोग्य केंद्रातल्या बाईंचं निम्मं खरं आहे. रोपं फेकायची गरज नाही, पण दर आठवड्याला त्यांच्यासाठी दहा मिनिटं काढावी लागतील, आणि ती काढायची तयारी नसेल तर बाईंचं पूर्ण खरं. बेडूक कधीमधी येऊन बसेल, पिल्लं मात्र वाढवणार नाही. धरून आणून सोडायचं तर मुळीच नाही. आणि तुमच्या मुलीला जे बघायचंय, म्हणजे झाडावरच्या वाटीभर पाण्यातलं जग, ते तिला बघायला मिळेल. त्याची जागा तुमच्याकडे या सहा रोपांच्या कितीतरी आधीपासून आहे. ओहळाकाठचे ते दोन जुने आंबे.

मी फोंडा तालुक्यात कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागायतीत, वाढले आणि गेली २६ वर्षं रोपवाटिका चालवते. ब्रोमेलियाड विकते, स्वतः वाढवते, मारलीही आहेत. त्यामुळे हे सगळं हाताखालून गेलेलं सांगते आहे.

ब्रोमेलियाड हे नाव परकं वाटतं, पण या कुळातलं एक झाड आपल्या दारात चारशे वर्षांहून जास्त काळ आहे: अननस. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलकडून आपल्या किनाऱ्यावर आणला, आणि 'अननस' हा शब्दसुद्धा तिकडच्या तुपी-ग्वारानी लोकांच्या बोलीतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून आला. या कुळात साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडातल्या. एकच जात अपवाद, ती पश्चिम आफ्रिकेत गिनी देशातल्या खडकांवर उगवते. आशियात या कुळाचं एकही झाड मूळचं नाही. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका मुद्द्यावर उभ्या आहेत, म्हणून तो लक्षात ठेवा.

तुमच्या परसात अननस असेलच. पाऊस पडून गेल्यावर त्याच्या पानांच्या बेचक्यात बघा. प्रत्येक पान बुडाशी रुंद होऊन खोडाला बिलगतं आणि तिथे पाणी साचतं. नुसतं साचत नाही, झाड ते पिऊनही घेतं. पानावरची पांढुरकी भुकटी नखाने खरवडली तर निघते ना, ते बारीक खवले आहेत. पाणी आणि त्यात विरघळलेलं खत ते खवले शोषतात. निओरेजेलिया, एक्मिया, गुझमानिया, व्रिसिया या ब्रोमेलियाडांनी हीच युक्ती पुढे नेली. त्यांची पानं इतकी घट्ट बसलेली असतात की मधोमध वाटी होते आणि भोवती दहा-पंधरा लहान कप्पे. मोठ्या जातींच्या एका रोपात काही लिटर पाणी राहतं. मुळांचं काम जवळजवळ फक्त धरून राहण्याचं. जेवण वरून येतं: पडलेली पानं, फुलांच्या पाकळ्या, मेलेले किडे, पक्ष्यांची शीट.

झाडाच्या शेंड्यावर, जमिनीपासून वीस-तीस मीटर उंचावर, असं तळं वर्षभर भरलेलं असेल तर तिथे कोण कोण राहायला येईल? कोस्टा रिकाच्या क्लोदोमिरो पिकादो यांनी हे पहिल्यांदा नीट मोजलं. १९१३ साली पॅरिसमध्ये त्यांनी आपला प्रबंध प्रसिद्ध केला तो याच विषयावर. ब्रोमेलियाडांच्या पाण्यात आणि पानांत त्यांना अडीचशेच्या आसपास जातींचे जीव सापडले. हेच पिकादो पुढे सापाच्या विषावरच्या लसीसाठी त्यांच्या देशात घराघरात माहीत झाले, पण माझ्या मनात त्यांची जागा या पानांतल्या तळ्यामुळे आहे. डासांच्या अळ्या, टाचण्यांची (चतुरांच्या बारीक भाऊबंदांची) पिल्लं, पाण्यातले भुंगेरे, चपटे किडे, गांडुळांचे चुलत भाऊ, शिंपल्यासारखं कवच असलेले मोहरीहून बारीक जीव. या शेवटच्यांना एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला पाय नाहीत की पंख नाहीत. ते बेडकाच्या ओल्या कातडीला चिकटून प्रवास करतात. ब्राझीलमध्ये हे पाहिलं गेलंय. आपल्याकडे कुसळ धोतराला चिकटून गावभर फिरतं, तसंच.

आता तुमच्या मुलीच्या बेडकाकडे येते. तिने बहुधा स्ट्रॉबेरी बेडूक पाहिला असणार. कोस्टा रिका आणि पनामाच्या ओलसर रानातला, लालभडक, दोन सेंटिमीटरच्या आसपासचा. मादी जमिनीवरच्या पाचोळ्यात चार-पाच अंडी घालते आणि नर ती ओली ठेवतो. अंडी फुटली की मादी परत येते, बेडूकमासा तिच्या पाठीवर चढतो, आणि ती त्याला घेऊन झाड चढते. एका बेचक्यात एकच पिल्लू ठेवते, कारण दोन ठेवली तर एक दुसऱ्याला खाईल. मग पुढचा दीड महिना किंवा जास्त, दर काही दिवसांनी ती प्रत्येक बेचक्याशी जाते. पिल्लू तिला ओळखून अंग ताठ करून थरथरतं, आणि ती पाण्यात न फळलेलं अंडं सोडते. पिल्लाचं खाणं तेवढंच. त्या अंड्यातून आईच्या कातडीतलं विषही पिल्लात उतरतं आणि त्याचं रक्षण करतं, हे गेल्या काही वर्षांत कळलं. कुठल्या झाडावर, कुठल्या पानात कोणाला ठेवलंय हे वीस मिलिमीटरची आई लक्षात ठेवते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

पण मला स्वतःला सगळ्यात भिडतो तो जमैका बेटावरचा खेकडा. तिथला बराच डोंगराळ भाग चुनखडीचा. पाऊस भरपूर, पण पाणी खडकात जिरून जातं, ओहळ कमी. त्यामुळे खेकड्याची एक जात झाडं आणि खडकांवरच्या ब्रोमेलियाडांत राहायला लागली. कवच जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद. मादी पिल्लांसाठी एक बेचकं निवडते आणि ते साफ करते, कुजणारी पानं ओढून बाहेर टाकते. कुजणाऱ्या पानांनी पाण्यातला प्राणवायू संपतो म्हणून. मग ती रिकामे शंख शोधून आणते आणि त्या पाण्यात टाकते. पानातलं पाणी आंबट असतं. शंखातला चुना विरघळून त्याचा आंबटपणा कमी होतो, आणि पिल्लांना कवच बांधायला लागणारा चुनाही त्यातूनच मिळतो. नंतर पिल्लांना ती वाणी आणि झुरळं मारून आणून देते, आणि टाचणीची पिल्लं पाण्यात आढळली तर त्यांना मारते, कारण ती खेकड्याची पिल्लं खातात. खायचा खेकडा आपण ओहळात धरतो, त्याच्या भाऊबंदांपैकी कोणी पानातल्या पेलाभर पाण्यात असं घर चालवत असेल हे आपल्याला सुचलंही नसतं.

झाडाला यातून काय मिळतं? खत. ब्राझीलमध्ये एका ब्रोमेलियाडवर राहणाऱ्या उडी मारणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास झाला. कोळ्याच्या विष्ठेतला नत्र झाडाच्या पानांत पोचतो हे त्यात दाखवून दिलं. म्हणजे पाहुणे नुसते राहत नाहीत, भाडं देतात. मोठ्या प्राण्यांनाही हे माहीत आहे. सोनेरी केसांची लहान माकडं या पानांत हात घालून किडे आणि बेडूक शोधतात. अँडीज पर्वतातलं अस्वल ब्रोमेलियाड सोलून आतला मऊ गाभा खातं.

मग हे इथे का होणार नाही?

पहिलं कारण पाऊस. आपल्याकडे पाऊस कमी नाही, किनाऱ्यावरच तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि सत्तरीच्या घाटाकडे त्याहून जास्त. पण तो चार महिन्यांत पडून जातो. डिसेंबर ते मे रान तापतं आणि पानातलं तळं सुकतं. ज्या रानांत ब्रोमेलियाडांवर एवढे जीव जगतात तिथे पाऊस किंवा धुकं वर्षभर थोडंथोडं येत राहतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपल्या बेडकांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. तुमच्या काजूच्या बागेत जून-जुलैत रात्री झुडपांतून टिकटिक ऐकू येते ना? सगळ्यांना वाटतं तो किडा आहे. तो बऱ्याचदा झुडूपबेडूक असतो, अंगठ्याच्या पेरापेक्षा जेमतेम मोठा. आंबोलीच्या नावाने ओळखला जाणारा झुडूपबेडूक त्यांतलाच, त्याचं शास्त्रीय वर्णन २००९ साली झालं. या बेडकांना पाणीच लागत नाही. ओल्या पानावर किंवा पाचोळ्यात अंडी घालतात, आणि अंड्यातून बेडूकमासा नाही, थेट शेपूट गळालेला चिमुकला बेडूक बाहेर येतो. सगळं वाढणं अंड्याच्या आतच. त्याला तुमचं पानातलं तळं देऊन काय उपयोग? मलबारचा उडता हिरवा बेडूक विहिरीवर किंवा टाकीवर ओठंगलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो, पिल्लं खाली टपटप पाण्यात पडतात. त्याला खाली खोल पाणी हवं, वाटीभर नव्हे. दक्षिण सह्याद्रीत तर एक झुडूपबेडूक बांबूच्या पेराला पडलेल्या चिरेतून आत शिरतो आणि आत अंडी राखत बसतो. १८७४ नंतर तो कोणाला दिसलाच नव्हता, अलीकडे पुन्हा सापडला. ज्याची त्याची जागा ज्याने त्याने लाखो वर्षांत शोधलेली आहे. नवी वाटी टांगली म्हणून कोणी राहती जागा सोडून येत नाही.

माझ्या रोपवाटिकेत काय येतं ते सांगते. पावसात निओरेजेलियाच्या वाटीत दिवसा झाडबेडूक अंग आकसून बसलेला सापडतो, कारण जागा थंड आणि ओली. रात्री तो निघून जातो. पाली आणि कोळी तर नेहमीचेच. एक्मियाच्या फुलावर शिंजीर येतो. तिकडे ही फुलं गुंजन पक्ष्यांसाठी (हमिंगबर्डसाठी) घडलेली. आपला शिंजीर त्यांचा नातेवाईक नाही, पण चोच तशीच लांब, त्यामुळे मध त्याला पोचतो. मार्च महिन्यात, सगळं रखरखीत असताना, मधमाश्या वाटीच्या काठावर ओळीने बसून पाणी पितात. एवढं बघायला मिळालं तर मुलगी नाराज होणार नाही असं मला वाटतं.

आता तुमचे आंबे. आंबा जुना झाला की फांदी मोडते, तिथे लाकूड कुजून खळगा पडतो. हीच ढोली. पावसात ती भरते आणि पुढे महिनोन्‌महिने पाणी टिकवते, कारण सावली असते आणि तोंड लहान. सह्याद्रीच्या रानात ब्रोमेलियाडचं काम ही ढोली करते, आणि तिच्यासोबत केवड्याची, आळवाची, रानकेळीची बेचकी. आमच्या कुळागराच्या वरच्या बांधावर एक आंबा आहे, त्याच्या ढोलीतलं पाणी मी दर वर्षी ऑगस्टमध्ये काढून बघते. औषध पाजायची मोठी पिचकारी घ्यायची, तोंडाला वीतभर नळी लावायची, तळाशी नेऊन हळूच ओढायचं आणि पांढऱ्या बशीत सोडायचं. पाणी काळ्या चहासारखं, लाकडातल्या तुरट रसामुळे. आधी काहीच दिसत नाही. दोन मिनिटं बशी हलवायची नाही. मग कचऱ्याचे तुकडे चालायला लागतात. भुंगेऱ्यांच्या चपट्या अळ्या पानांचा चुरा चरत असतात. एक पांढरट अळी शेपटीसारखी नळी लांब करून पृष्ठभागावरची हवा घेत असते. डासांच्या अळ्या वळवळत वर-खाली करतात. आणि एखाद्या वर्षी त्यांच्यात एक मोठी, तपकिरी-लालसर, जाडजूड अळी निघते, इतरांच्या दुप्पट-तिप्पट. ती हलत नाही. एखादी लहान अळी जवळून गेली की झडप घालून पकडते आणि चावत राहते. ती टॉक्सोऱ्हिन्कायटिस नावाच्या डासाची अळी. त्याची मादी माणसाला चावतच नाही, नर-मादी दोघेही फुलांतल्या मधावर जगतात, आणि त्यांच्या अळ्या बाकीच्या डासांच्या अळ्या खाऊन वाढतात. ढोलीत डास होतात हे खरं, पण डास खाणाराही तिथेच राहतो.

केरळात २०१७ साली झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या खेकड्याची एक नवी जात नोंदली गेली, तिथल्या कानी आदिवासींच्या नावावरून तिचं नाव ठेवलंय. जमैकाच्या खेकड्याने पान निवडलं, आपल्याकडच्याने ढोली. हे वाचलं तेव्हापासून जुनं झाड दिसलं की मी आधी ढोली शोधते. आणि म्हणूनच सांगते, 'पोकळ झालंय, पडेल' म्हणून ते आंबे तोडू नका. घरावर पडणारं असेल तर गोष्ट वेगळी, ओहळाकाठी ते कोणावर पडणार? ढोली सिमेंटने बुजवायची पद्धत कुठे कुठे आहे, तीही नको. वरच्या कोरड्या ढोलीत पोपट, घुबड येतात, आणि मोठं झाड असेल तर धनेशसुद्धा. सत्तरीतल्याच बांबर गावच्या निरंकाराच्या रायीत, म्हणजे देवराईत, पाण्यात उभी असलेली रान-जायफळाची झाडं टिकली ती देवाच्या नावाने कुऱ्हाड थांबली म्हणून. तुमच्या आंब्यांना राय म्हणायची गरज नाही, पण तेवढी सूट त्यांना द्या.

आरोग्य केंद्रातल्या बाईंच्या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हा विषय रोपवाटिकावाल्यांनी झाकून ठेवण्यासारखा नाही. ब्रोमेलियाड आणि डास यांचं नातं जुनं आहे. त्रिनिदाद बेटावर कोकोच्या बागांत सावलीसाठी जी झाडं लावत, ती आपल्या पांगाऱ्याच्याच कुळीतली. त्यांच्या फांद्यांवर ब्रोमेलियाड माजले होते आणि त्या पाण्यात मलेरिया पसरवणारा एक अॅनोफिलिस वाढत होता. १९४०च्या दशकात कॉलिन पिटेंड्रिग यांनी त्याचा अभ्यास केला, आणि तिथे ब्रोमेलियाड मारण्यासाठी झाडांवर मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्या क्षाराची, फवारणी झाली. दक्षिण ब्राझीलमध्येही असाच मलेरिया होता. डेंगीचा एडिस हा वेगळा डास, तो मुख्यतः ड्रम, टायर, करवंट्या यांत वाढतो. रिओ शहरातल्या तपासणीत ब्रोमेलियाडांत तो फार थोडा सापडला. तिथे या पाण्यात आधीच इतर जीवांची गर्दी असते. पण मायामीत शोभेसाठी लावलेल्या ब्रोमेलियाडांत एडिस भरपूर वाढताना आढळला, आणि २०१६च्या, एडिसमुळेच पसरणाऱ्या झिका रोगाच्या साथीत या रोपांकडे बोट गेलं. शहरातल्या कुंडीत भक्षक नाही, स्पर्धक नाही, नुसतं स्वच्छ पाणी. आपल्या गोव्यातल्या अंगणात ब्रोमेलियाडची अवस्था मायामीसारखी, जंगलासारखी नाही. म्हणून बाईंचं मी उडवून लावत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त चुकवायचा नाही. आपल्या उन्हाळ्याच्या गरम हवेत एडिसला अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातला एक वार ठरवा. आमच्याकडे रविवार. कुंडीतली रोपं सरळ उलटी करून पाणी सांडायचं आणि ताजं भरायचं. झाडावर बांधलेल्यांना नळीने जोरात धार मारायची, प्रत्येक बेचक्यात, जुनं पाणी उसळून बाहेर येईपर्यंत. नुसतं वरून शिंपडलं तर अळ्या तळाशी जाऊन बसतात. पावसाळ्यात जोरदार सर आली म्हणून हे टाळू नका, उघडीप पडल्यावर डास वाढतात. गावी कोणी राहणार नसेल तर बीटीआय या जिवाणूचे दाणे मिळतात ते चिमूटभर टाका. ते डासांच्या अळ्या मारतात, बेडकाला आणि मधमाशीला त्रास देत नाहीत. रॉकेल किंवा तेल कधीही टाकू नका. पानावरचे खवले बुजतात आणि रोप गुदमरून मरतं. एवढं जमणार नसेल तर टिलँडसिया घ्या, ज्याला एअर प्लांट म्हणून विकतात. त्यातल्या बहुतेकांत पाणी साचतच नाही.

आता मी मारलेल्या रोपांची गोष्ट. पोफळीवर पावसात कोळेरोग येतो म्हणून आम्ही बोर्डो मिश्रण फवारतो: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. एका वर्षी पोफळीच्या खोडांवर मी हौसेने चाळीसेक ब्रोमेलियाड बांधली होती. फवारणीवाल्यांना सांगायचं राहिलं. दोन आठवड्यांत पानं बुडापासून तपकिरी पडली, मधला कोंब हाताने ओढला तर सुटून आला. बहुतेक सगळी गेली. मग त्रिनिदादची हकीगत वाचनात आली आणि डोक्यात प्रकाश पडला. तिथे ज्याने ब्रोमेलियाड मुद्दाम मारले, तेच मी घरच्या घरी केलं होतं. तांबं या झाडांना विष आहे. तुमच्या बागेत पोफळी असतील तर त्यांच्याखाली बांधू नका, आणि बांधायला तांब्याची तारही वापरू नका.

बांधायची रीत अशी. आंब्याची साल खरखरीत, ती उत्तम. फणसही चालतो. पेरू नको, त्याची साल सोलून पडते. शेवगाही नको, फांदी वजनाने मोडेल. मूळ नारळाच्या ओल्या सोडणाच्या तुकड्यात गुंडाळा आणि काथ्याने किंवा जुन्या सुती साडीच्या पट्टीने घट्ट आवळा. हललं तर मुळं धरत नाहीत. सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी पूर्वेची बाजू निवडा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बांधली की सप्टेंबरपर्यंत पकड बसते. खत वाटीत टाकायचं नाही, शेवाळ माजतं. एक रोप एकदाच फुलतं, मग सावकाश मरतं आणि बाजूला पिल्लं देतं. लोक घाबरून रोप उपटून टाकतात, तसं करू नका. पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं झालं की धारदार सुरीने वेगळं करा.

आईंना सांगा, बांडगूळ आणि हे यात मूळचा फरक आहे. बांडगूळ आंब्याच्या लाकडात मूळ घुसवून त्याचा रस ओढतं, त्याला काढावंच लागतं. ब्रोमेलियाडची मुळं सालीच्या वरच राहतात. पटत नसेल तर एवढंच सांगा की तिकडे टिलँडसियाची एक जात विजेच्या तारांवर आरामात वाढते. तारेत कसला रस? आपली सीतेची वेणी (ऑर्किड) आणि बाशिंगही (नेचा) आंब्यावर असंच बसतात, आंब्याला त्यांनी कधी त्रास दिला का?

राहिला बेडूक धरून सोडायचा प्रश्न. ओहळातला बेडूक ओहळावर जगतो. झाडावरच्या वाटीत सोडला तर रात्रीतून उतरून जाईल किंवा उतरताना सापाच्या तोंडी जाईल. परदेशातून बेडूक किंवा रोपं मागवायचं तर मनातही आणू नका. प्वेर्तो रिकोचा कोकी बेडूक शोभेच्या रोपांबरोबर हवाई बेटांवर पोचला आणि आता तिथे रात्रभर त्याचा कलकलाट असतो, काढता येत नाही. फ्लोरिडात १९८९ साली मेक्सिकोहून आलेल्या ब्रोमेलियाडांबरोबर एक सोंडकिडा आला, त्याने तिथल्या रानातले मूळचे ब्रोमेलियाड पोखरून टाकले. मुलीने आणलेली रोपं पहिले दोन-तीन आठवडे घरापासून लांब, एकटी ठेवा. पानं उलगडून बघा, पाणी ओतून टाका, कापसासारखी पांढरी कीड असेल तर साबणाच्या पाण्याने पुसा. आणि ती परसातच राहू द्या. ओहळापलीकडे रान सुरू होतं, तिथल्या झाडांवर यातलं एकही बांधू नका. रस्त्याकडेला रानातून ओरबाडलेली सीतेची वेणी विकायला असते, तीही घेऊ नका.

सहापैकी चार रोपं ओहळाकडच्या आंब्यावर, डोळ्यांच्या उंचीवर बांधा, दोन दारात कुंडीत ठेवा. ऑगस्टमध्ये, सलग आठ दिवस पाऊस झाल्यावर, मुलीला पिचकारी आणि पांढरी बशी देऊन त्याच आंब्याच्या ढोलीशी न्या. हात आत घालू देऊ नका, विंचू किंवा साप असू शकतो, आधी बॅटरीने बघा. एक बशी ढोलीच्या पाण्याची, एक बशी ब्रोमेलियाडच्या, शेजारी शेजारी ठेवून दोन्हींत काय काय चालतंय ते तिला मोजू द्या. बघून झालं की ढोलीचं पाणी त्याच ढोलीत परत ओता. ब्रोमेलियाडचं मात्र उन्हात, जमिनीवर.